कोल्हापुरात राहायला येताय? हे ठाऊक असू द्या

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज कोल्हापुरात सुरू झालं आणि शहरात नव्यानं येणाऱ्यांत एका मोठ्या वर्गाची भर पडली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतले वकील, त्यांचे सहायक आणि पक्षकार आता भाऊसिंगजी रोडवर रोज दिसतात. शिवाजी विद्यापीठात शिकायला येणारी मुलं-मुली, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत रुजू होणारे कामगार व इंजिनिअर, तालमीत राहून कुस्ती शिकणारी पोरं आणि बदली होऊन आलेले कर्मचारी तर आधीपासूनच येत आहेत. अंबाबाईचं दर्शन, पन्हाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढं करून परतणाऱ्या पाहुण्यासाठी माहिती भरपूर मिळते. हा लेख मात्र इथं खोली घेऊन, गॅसची शेगडी मांडून राहणाऱ्यांसाठी आहे.

सगळ्या सल्ल्यांच्या आधी एक सल्ला: विचारायला लाजू नका. रिकामी खोली, नेमका पत्ता, पुराचा अंदाज, कुस्तीच्या मैदानाची तारीख, चांगली खानावळ, या सगळ्याची खबर चौकातल्या माणसाला असते आणि ती सांगायला त्याच्याकडे वेळही असतो. पुष्कळदा तो नुसतं सांगून थांबत नाही, गाडी काढून सोडायला येतो. या शहराशी ओळख होते ती अशीच, माणसांच्या तोंडून.

घर ठरवण्याआधी नदी समजून घ्या

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. तिचं पाणी येतं पश्चिमेच्या घाटमाथ्यावरून, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या मुसळधार पावसातून. त्यामुळे शहरात लख्ख ऊन असतानाही नदी चढत असते. नव्या माणसाचा अंदाज नेमका इथं चुकतो. कोल्हापूरकर आभाळाकडे कमी पाहतो, राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडे जास्त. कसबा बावड्याजवळच्या या बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी धरतात. जुलै-ऑगस्टमध्ये रोज सकाळी घरोघर हाच आकडा विचारला जातो. त्याच्या जोडीला दुसरी बातमी असते राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांची. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं हे दरवाजे आपोआप उघडतात, म्हणून किती दरवाजे उघडले यावरून पुढच्या काही तासांत भोगावती आणि पंचगंगेला किती पाणी येणार याचा अंदाज बांधता येतो.

२०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी बंधाऱ्यावरचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. म्हणून खोली पाहायला जाल तेव्हा भाडं आणि डिपॉझिट बोलण्याआधी एकच प्रश्न विचारा, "२०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं?" घरमालकाला विचाराच, शेजारच्या दुकानदारालाही विचारा. दोघांची उत्तरं जुळली तर निश्चिंत व्हा. सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीचा सखल भाग, रमणमळा आणि नागाळा पार्कचा नदीकडचा भाग इथं तळमजला घेताना विशेष चौकशी करावी. नदीपासून लांब आहे म्हणून जागा सुरक्षित, असंही गृहीत धरू नये. नदी फुगली की शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी पुढं जायला वाट राहत नाही, ते मागं फिरतं आणि नाल्याकाठच्या वस्त्यांत शिरतं. उंचावर राहायचं असेल तर राजारामपुरीच्या वरच्या गल्ल्या, सागरमाळ आणि विद्यापीठाचा परिसर पाहावा.

पूर आला की घरात पाणी न येताही अडचण होतेच. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस वाहतूक थांबली. पेट्रोल, गॅस, दूध, भाजी सगळ्याचाच तुटवडा झाला. नदीकाठची पंपिंग स्टेशनं बुडाली की नळाचं पाणीही बंद होतं. म्हणून जुलै लागला की घरात आठवडाभराचा शिधा, पिण्याच्या पाण्याचा साठा, लागणारी औषधं आणि थोडी रोख रक्कम असू द्यावी. गाडीची टाकी भरलेली ठेवावी. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या कप्प्यात ठेवावीत. प्रशासनानं स्थलांतर करायला सांगितलं तर वाद न घालता निघावं. पाणी कमरेला लागल्यावर निघणाऱ्यासाठी बचाव पथकातल्या माणसाला आपला जीव धोक्यात घालावा लागतो.

पत्ता: पेठ, तालीम, तिकटी

जुनं शहर पेठांचं आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, शनिवार पेठ, बुधवार पेठ या नुसत्या वस्त्या नव्हेत. प्रत्येकीची तालीम, मंडळ, फुटबॉल संघ आणि अभिमान वेगळा आहे. महापालिकेच्या कागदावर ए पासून ई पर्यंतचे वॉर्ड आहेत आणि घरक्रमांकाआधी वॉर्ड लिहिला जातो. भाडेकरार करताना आणि आधारवरचा पत्ता बदलताना तो चुकवू नका. बोलताना मात्र वॉर्ड कोणी सांगत नाही. "पाटाकडील तालमीजवळ", "मिरजकर तिकटीला या", "पापाची तिकटी ओलांडली की डावीकडे", "खरी कॉर्नरला थांबा" अशी भाषा चालते. तीन रस्ते मिळतात ती तिकटी. गंगावेशीला आता वेस उरलेली नाही, पण शहराला तट होता तेव्हाचं नाव टिकून आहे. राजारामपुरी आणि शाहूपुरीत पत्ता शोधणं सोपं, कारण तिथं गल्ल्यांना क्रमांक आहेत. पहिल्या आठवड्यात आपल्या खोलीजवळची तालीम, तिकटी आणि चौक एवढी तीन नावं पाठ केली की रिक्षावाल्यापासून पार्सल आणून देणाऱ्या मुलापर्यंत सगळ्यांचं काम होतं.

येण्या-जाण्याचं थोडक्यात. शहरात महापालिकेच्या केएमटी बस आहेत. रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बसस्थानक शाहूपुरीत एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पण प्रत्येक एसटी तिथूनच सुटते असं नाही. रंकाळा स्टँड आणि संभाजीनगर स्टँडवरूनही गाड्या सुटतात, तेव्हा गगनबावडा किंवा राधानगरीकडे निघताना आधी स्टँड विचारून घ्या. जवळच्या गावांना वडाप, म्हणजे प्रवासी गोळा करून सुटणारी खासगी गाडी, मिळतं. कोकणात थेट रेल्वे नाही; करूळ, भुईबावडा, आंबा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखाद्या घाटानंच उतरावं लागतं. पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणून निघण्याआधी घाट सुरू आहे का हे विचारूनच बॅग उचलावी.

तिखटाविषयी थोडं, चवीविषयी जास्त

बाहेरच्या हॉटेलांत कोल्हापुरी या नावाखाली जे लालभडक येतं त्यावरून इथल्या स्वयंपाकाची कल्पना करू नका. इथल्या घरांत 'व्हेज कोल्हापुरी' नावाची भाजी होत नाही. इथल्या चवीचा कणा आहे कांदा-लसूण चटणी. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ आणि गरम मसाला घालून वर्षाची चटणी उन्हाळ्यात करून ठेवतात. दुकानात जाऊन "मसाला द्या" म्हणालात तर वेगळंच काही हातात येईल. "कांदा-लसूण चटणी" असंच म्हणा. शक्य असेल तर घरमालकिणीला किंवा शेजारच्या मावशींना चटणी कुठून घेता हे विचारा. एखादे वेळी बरणी भरूनच मिळेल.

मटणाच्या ताटात सुकं मटण, तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा येतो. पांढरा रस्सा खोबरं, तीळ आणि खसखशीचा, मटणाच्या अळणी पाण्यातला, अंगानं सौम्य. तो वाटीनं प्यायचा असतो. तिखट न सोसणाऱ्यानं त्यापासूनच सुरुवात करावी. रस्सा पुन्हा वाढायला येतात, तेव्हा पहिल्याच वाटीला पोट भरू नका. मटण न खाणाऱ्यांची इथं उपासमार होते हा समज खोटा आहे. झुणका-भाकरी, खर्डा, अख्खा मसूर, भरलं वांगं आणि दही या ताटावर कोल्हापूरकर तितकाच खूश असतो.

मिसळ सकाळची. इथं तिच्याबरोबर पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस मिळतात, आणि वरच्या झणझणीत रश्शाला कट म्हणतात. पहिल्यांदा खाताना कट वेगळा मागून घ्या आणि आपल्या बेतानं ओता. कोणती मिसळ चांगली यावर गावात कधीच एकमत होणार नाही. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्याची बावडा मिसळ, महाद्वार रोडची चोरगे अशी नावं ऐकू येतील. सगळ्या खाऊन पाहा आणि आपलं मत ठरवा; कोल्हापुरात मिसळीवर मत नसलेला माणूस विरळा. संध्याकाळी कटवडा आणि खासबागेची भेळ आहेच.

गंगावेशीतला दूधकट्टा ही इथली खास गोष्ट. गवळी म्हशी घेऊन येतात आणि समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. पैलवानकीच्या या गावात दूध पिणं हा शौकाचा भाग आहे. कच्च्या दुधाची सवय नसेल, आजारपण असेल किंवा सोबत लहान मूल असेल तर ते दूध घरी नेऊन उकळूनच प्यावं. या गवळ्यांचा आनंद पाहायचा असेल तर दिवाळीच्या पाडव्याच्या सुमारास सागरमाळ, कसबा बावडा किंवा पंचगंगा घाटाकडे जा. रंगवलेल्या शिंगांच्या, सजवलेल्या म्हशी मालकाच्या हाकेसरशी त्याच्या मोटारसायकलमागं धावतात.

मैदानावर जा, मग शहर कळेल

राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ मध्ये सुरू झालं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं होतं, त्यावरून ही कल्पना त्यांना सुचली असं सांगतात. मधोमध लाल मातीचा आखाडा आणि भोवती चढत जाणारी गोल बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. कुस्तीचं मैदान लागलं की पोस्टर चौकाचौकात लागतात. एकदा तरी जा. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोणता डाव पडला एवढंच विचारा. पुढची कुस्ती तुम्हाला तो समजावून सांगत सांगत दाखवेल.

तालमीत सराव पहाटे सुरू होतो. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या नावाजलेल्या तालमी. श्रीपती खंचनाळे आणि गणपतराव आंदळकर हे हिंदकेसरी कोल्हापूरच्याच मातीत घडले. भारताला स्वातंत्र्यानंतरचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ मध्ये मिळवून देणारे खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं. सराव पाहायला जायचं असेल तर वस्तादांची परवानगी घ्या, चपला बाहेर काढा, आखाड्याच्या मातीला पाय लावू नका आणि मोबाइल खिशातच राहू द्या. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेली ती माती पैलवानांसाठी पूज्य असते.

फुटबॉलचं वेडही पेठांचंच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा अख्खी पेठ बैठकीवर असते. सतरा वर्षांखालील विश्वचषक २०१७ मध्ये भारतात झाला, त्यात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. सामना पाहताना कोणत्या संघाच्या समर्थकांमध्ये बसलो आहोत हे आधी पाहून घ्यावं. नेमबाजीतही जिल्ह्याचं नाव मोठं आहे. २०१० मध्ये तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक आणलं. मुलं बरोबर असतील तर पोहणं, फुटबॉल, नेमबाजी, कुस्ती यांतलं काहीतरी त्यांना इथं जरूर शिकू द्या. मुलीही तालमीत उतरतात.

नव्यानं येणाऱ्यांची सोय जुनीच

दसरा चौकात उभं राहून भोवती नजर फिरवा. जैन बोर्डिंग आणि मुस्लिम बोर्डिंग इथंच आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढायला जमीन, पैसा आणि पाठबळ दिलं, कारण खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाला शहरात राहायला जागाच मिळत नव्हती. २६ जुलै १९०२ च्या आदेशानं संस्थानच्या नोकऱ्यांत मागास समाजांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत झालं. गायक आले, पैलवान आले, चित्रकार आले, व्यापारी आले, त्यांनाही दरबाराचा आधार मिळाला. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारात स्थिरावले आणि जयपूर-अत्रौली घराणं महाराष्ट्रात रुजलं. बाहेरून आलेल्या माणसाला जागा देण्याची ही सवय शहराच्या हाडात आहे. महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, ६ मे २०२२ रोजी, हे शहर १०० सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभं राहिलं होतं. २६ जूनच्या शाहू जयंतीला तुम्ही शहरात असाल तर कसबा बावड्यातलं त्यांचं जन्मस्थळ, लक्ष्मी विलास पॅलेस, पाहून या.

बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं ते १९५० मध्ये उभारले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. सभा, मोर्चे, आंदोलनं याच चौकात होतात. रस्त्यांसाठी लावलेला टोल लोकांनी वर्षानुवर्षं लढून बंद करायला लावला, एन. डी. पाटील त्या लढ्याच्या आघाडीवर होते. सर्किट बेंचसाठीही वकिलांनी आणि नागरिकांनी चार दशकं मागणी लावून धरली. तेव्हा एखाद्या सकाळी रस्ता मोर्चानं अडला तर वैतागण्याआधी मागणी काय आहे ते विचारा. पुष्कळदा ती तुमच्याही पाण्याची किंवा रस्त्याची असते.

इथल्या लोकांनाही पुष्कळदा ठाऊक नसलेल्या गोष्टी

टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती आहे. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ती सापडली. सातवाहन काळात इथला व्यापार रोमन जगाशी जोडलेला होता, त्याचा हा पुरावा. टाउन हॉलची इमारत चार्ल्स मँट या वास्तुविशारदानं आखली. नवा राजवाडा त्याचाच आणि बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडाही त्याचाच. इटलीत फ्लॉरेन्स शहरात एका बागेत कोल्हापूरच्या राजाची छत्री आहे, तिच्या रचनेतही मँटचा हात आहे. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपातून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले आणि तिथंच नदीकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. जवळच्या पुलाला आजही तिथले लोक 'भारतीयाचा पूल' अशा अर्थाच्या नावानं ओळखतात.

मराठी सिनेमाचं बालपण याच गल्ल्यांत गेलं. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली. तिचा 'सैरंध्री' १९२० चा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये इथंच तयार झाला. पुण्याला ती गेली १९३३ मध्ये. संगीताची आवड असेल तर १८८३ पासून चालत आलेल्या गायन समाज देवल क्लबच्या मैफिलींची चौकशी करा. खासबागेला लागून असलेलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं, तेव्हा रात्रीतून जमलेली माणसं रडत उभी होती. नाट्यगृहासाठी रडणाऱ्या गावात तुम्ही आला आहात, हे ध्यानात असू द्या. सुधीर फडके आणि जयंत नारळीकर यांचा जन्मही याच शहरातला.

वर्षाचे दिवस

अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात; पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. हा किरणोत्सव. आभाळ स्वच्छ असलं तरच तो पूर्ण होतो. मंगळवार, शुक्रवार, सुट्ट्या आणि नवरात्र या दिवसांत दर्शनाची रांग लांब असते. इथं राहणाऱ्यांनी मधल्या वारी भल्या सकाळी जावं, घाई असेल तर मुखदर्शन घ्यावं. त्या गर्दीच्या दिवसांत महाद्वार रोडवर गाडी नेऊ नये.

नवरात्रात ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर जत्रा असते. दसऱ्याला दसरा चौकात शमीपूजन आणि सोनं लुटण्याचा शाही सोहळा होतो. चैत्र पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर गुलालानं माखतो. त्या दिवशी जुने कपडे घालून जा. गणेश विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, तेव्हा रेल्वे किंवा बस गाठायची असेल तर वाट आधीच ठरवा. मोहरमचे पंजे बसवण्यात इथली हिंदू कुटुंबंही असतात आणि बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात. रोजच्या संध्याकाळसाठी रंकाळा पुरेसा आहे. फेरी मारा, कट्ट्यावर बसा, पाणी ओसरतं तेव्हा दिसणारा संध्यामठ पाहा. आणि तिथं कचरा टाकू नका; हा तलाव स्वच्छ राहावा म्हणून गावानं पुष्कळ धडपड केली आहे.

खरेदी करताना

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून ते आहे. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनमध्ये गेल्यावर तळ उलटून पाहा. अस्सल चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवण घातलेली असते. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, त्याला स्वतःचा वास आणि रंग असतो. नवी चप्पल आधी घरात घाला, पट्ट्यांना तेल लावा आणि पावसात तिला बाहेर काढू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा. कारागिराशी भाव करताना, एका जोडीत किती हातांचं काम आहे ते विचारून मगच आकडा बोला.

दागिने पाहायचे तर गुजरी. कोल्हापुरी साज आणि ठुशी इथली, चांदीचं काम हुपरीचं. गूळ घेताना पिवळ्याधमक रंगाला भुलू नका, थोडा तांबूस-तपकिरी गूळ निवडा. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात तेव्हा एखाद्या गुऱ्हाळघरावर जाऊन ताजी काकवी आणि कोमट गूळ खा. कपड्यांसाठी गांधीनगरची घाऊक बाजारपेठ आणि ताज्या भाजीसाठी कपिलतीर्थ मंडई.

सुट्टी हाताशी असेल तर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर पहिलं पाहा. त्याच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोलाकार उघडं आहे. मग पन्हाळा, दाजीपूरचं गव्यांचं जंगल, नृसिंहवाडी, कणेरी मठ. विद्यापीठाचा ८५३ एकरांचा परिसर तर शहरातच आहे आणि सकाळी तिथं मोर दिसतात.

बोलणं आणि वागणं

इथला सूर चढा असतो. दोन माणसं मोठ्यानं बोलताना दिसली म्हणजे भांडण चाललंय असं नव्हे. बहुतेक वेळा विषय मिसळीचा किंवा कालच्या सामन्याचा असतो. तरुण पोरं एकमेकांना "भावा" म्हणतात. वयानं मोठ्या माणसाला दादा, अण्णा, मामा म्हणा आणि बाईंना वैनी, मावशी, काकू. बऱ्याच बायका "मी आलो", "मी जातो" असं बोलतात. ती इथली जुनी, घरंदाज बोली आहे, तिला हसू नये आणि सुधारूही नये. घरी बोलावलं तर जा. जेवणाच्या वेळी गेलात तर जेवूनच निघावं लागेल, तेव्हा नाही म्हणण्यात शक्ती घालवू नका. शब्द दिला तर पाळा. उशीर झाला तर फोन करा. थेट बोललेलं इथं कोणाला लागत नाही, आडून बोललेलं मात्र लक्षात राहतं.

पहिल्या महिन्यात एवढं करा: शेजारच्या दोन घरांत स्वतःहून जाऊन नाव सांगा, जवळच्या तालमीच्या किंवा मंडळाच्या एका कार्यकर्त्याचा नंबर घ्या आणि रक्तगट त्याच्याकडे नोंदवून ठेवा. पूर असो की मध्यरात्री दवाखान्यात न्यायची वेळ, मदतीला पहिल्यांदा हीच माणसं येतात. आणि वर्ष झालं की जूनमध्ये तुमच्याच कॉलेजात, कोर्टात किंवा कारखान्यात कोणीतरी नवा माणूस बॅग घेऊन येईल. त्याच्याबरोबर खोली पाहायला जा, पाणी कुठवर आलं होतं ते त्याच्या वतीनं तुम्हीच विचारा आणि संध्याकाळी त्याला जेवायला घरी न्या. कोल्हापूरकर व्हायला दुसरा दाखला लागत नाही.